कडी आतून, कडी बाहेरून

‘दाराला आतून कडी घाल’ आणि ‘दाराला बाहेरून कडी घातली’. शब्द जवळजवळ तेच, पण पहिलं वाक्य निवांत झोपेचं आहे आणि दुसरं कोंडलं जाण्याचं. मालवाहू ट्रेलरची झोपायची खोली करायला निघालेल्या माणसाने पलंग, दिवे, पंखा यांची यादी करण्याआधी ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघावीत. त्याच्या ट्रेलरचं दार दुसऱ्या वाक्यासाठी बनवलेलं असतं.

बंदिस्त मालवाहू ट्रेलर म्हणजे पोलादी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून साधारण ९ मिमी प्लायवूड. मागे रॅम्पसारखं खाली उतरणारं किंवा दोन कवाडांचं मोठं दार, आणि बाजूला माणसापुरतं ८० ते ९० सेंटिमीटर रुंदीचं एक लहान दार. बांधणाऱ्याच्या हिशेबात आत खोकी असतात, यंत्रं असतात, मोटारसायकल असते. खोक्याला रात्री तहान लागत नाही आणि धूर झाला तर ते बाहेर पळत नाही. म्हणून कुलपाची सगळी अक्कल बाहेरच्या बाजूला ठेवलेली असते आणि आतल्या बाजूला नुसता सपाट पत्रा. काही ट्रेलरच्या बाजूच्या दाराला आतून उघडायची कळ कारखान्यातूनच येते, पण ती आहे असं गृहीत धरू नये. आत जाऊन, दार लावून घेऊन बघावं, आणि बघताना बाहेर कोणीतरी उभं असावं.

जुन्या वाड्यांच्या दारामागे आडवी आगळ असायची, भिंतीतल्या खोबणीत सरकणारी. मालवाहू ट्रेलरच्या दारावर तीच आगळ उभी करून बाहेरून ठोकलेली असते. दाराच्या उंचीइतका लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना आकड्यासारखे कॅम आणि मध्ये एक लांब हँडल. हँडल फिरवलं की कॅम वरच्या आणि खालच्या चौकटीवरच्या खाचांत शिरतात आणि दार रबरी पट्टीवर आवळून बसतं. हँडल शेवटी एका कोयंड्यात बसतं आणि त्याला कुलूप लागतं. जहाजावरच्या कंटेनरच्या दारांनाही हीच रचना असते. ती फार हुशार आहे. दार वर आणि खाली अशा दोन टोकांना धरलं गेल्याने रस्त्यावर ट्रेलर पिळवटला तरी दाराची चौकट तिरकी होऊ द्यायला हा दांडा तयार नसतो. त्याचा दोष एवढाच, की आत माणूस झोपलेला असताना कोणीतरी वाटेवरून जाता जाता हँडल फिरवलं तर आतल्या माणसाच्या हातात काहीही उरत नाही. मग तो फिरवणारा चोर असो, खोडकर पोरगं असो, की ‘दार उघडं राहिलंय बिचाऱ्याचं’ म्हणून मदत करणारा सज्जन असो. सज्जनाची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

यावर नेहमीचा सल्ला मिळतो तो असा, की आत असताना कोयंड्यात कुलूप अडकवून ठेवायचं, म्हणजे हँडल बसणारच नाही. साध्या कडी-कोयंड्याला हा उपाय चोख आहे. कोयंड्यात कुलूप लटकत असलं की कडीची पट्टी त्यावर बसूच शकत नाही. उभ्या दांड्याला मात्र तो अर्धवट लागू पडतो. कुलूप आडवं आल्याने हँडल शेवटचे तीन-चार सेंटिमीटर जात नाही हे खरं, पण तेवढ्यात कॅम खाचेत अर्धा शिरलेला असू शकतो आणि अर्ध्या शिरलेल्या कॅमनेही दार अडतं. म्हणून दार लावून, कुलूप अडकवून, हँडल जाईल तितकं दाबून कॅम कुठपर्यंत पोचतो हे आपल्या डोळ्यांनी बघावं. ज्या दारातून माणसाने जायचं-यायचं आहे त्यावर उभा दांडा ठेवूच नये, तो काढून आत-बाहेर दोन्हीकडून चालणारं लॅच आणि सोबत डेडबोल्ट (किल्लीने किंवा फिरकीनेच सरकणारा ठोस अडसर) बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या रॅम्पवर दांडे खुशाल राहू द्यावेत, फक्त रॅम्पला ‘बाहेर पडायची वाट’ म्हणून मोजू नये.

कोणतं लॅच, या प्रश्नाआधी दार कसं बसतं ते बघावं लागतं. दार चौकटीच्या आत, तिच्या पातळीत बसत असेल तर लॅचची जीभ दाराच्या कडेतून आडवी निघून चौकटीत शिरू शकते. दार चौकटीवर बाहेरून पालथं पडत असेल तर कडेतून निघणाऱ्या जिभेला शिरायला जागाच नसते. तिथे दाराच्या आतल्या अंगावर पृष्ठभागावर बसणारं लॅच आणि शेजारी भिंतीवर त्याचं घर, असा जोड लागतो. या दुसऱ्या प्रकाराकडे लोक जरा तुच्छतेने बघतात, कारण तो दिसतो. पण त्यासाठी दारात एकच लहानसं भोक पाडावं लागतं आणि चुकलं तर दार वाया जात नाही. पहिल्यांदाच पत्र्याला हात घालणाऱ्याने तोच आधी विचारात घ्यावा.

आत बसणाऱ्या दारासाठी कॅम्परच्या दारांचं जोड-लॅच मिळतं. एकाच घरात, म्हणजे एकाच पेटीत, ओढायचं हँडल, जीभ आणि डेडबोल्ट. त्याची बहुतेक सगळी मॉडेलं सुमारे ७० × ९५ मिमी, म्हणजे दारात कापलेल्या पावणेतीन बाय पावणेचार इंची खिडकीत बसतात, आणि ती किती जाडीच्या दाराला चालतात हे खोक्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरची दारं साधारण २५ ते ३८ मिमी जाड असतात. घरच्या दाराचं गोल मुठीचं किंवा लिव्हरचं लॅच लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण ते दिसायला मजबूत असतं आणि सहज मिळतं. पण ते ३५ ते ४५ मिमी जाडीच्या लाकडी दारासाठी घडवलेलं असतं. त्याला अंगातून ५४ मिमी आणि कडेतून २५ मिमी व्यासाचं भोक लागतं. २५ मिमीच्या दाराच्या कडेत २५ मिमीचं भोक पाडणं म्हणजे कड उडवून देणं. शिवाय घराचं दार दिवसभर थरथरत नाही. ट्रेलरचं थरथरतं, आणि मुठीतले बारीक स्क्रू त्या थरथरीने आपोआप सुटत जातात.

तिसरा प्रकार मोटारीच्या दाराचा, फिरत्या पंजाचा. चौकटीवर एक आडवी खुंटी असते, दार लागलं की पंजा तिच्याभोवती फिरून तिला कवटाळतो. याचे टप्पे दोन असतात. दार नीट लागलं नाही तरी पहिल्या टप्प्यावर अडकून राहतं, आपटून उघडत नाही. फट दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त झाली तरी पंजा खुंटी सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. जीभवाल्या लॅचचा सगळा भरवसा फटीवर असतो. पण पंजाला आतून-बाहेरून दोन हँडलं, त्यांच्यापासून पंजापर्यंत सळई किंवा केबल आणि हे सगळं मावेल अशी पोकळी लागते. भरीव फोमच्या दारात हे काम नाजूक होतं.

कोणतंही घेतलं तरी दुकानातच एक परीक्षा करावी. बाहेरून किल्लीने कुलूप लावायचं आणि आतली कळ फिरवायची. जीभ आत गेली पाहिजे. काही लॅचमध्ये आतलं बटण दाबलं की आतली कळही गोठते, ती परत ठेवून द्यावीत. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा डेडबोल्ट तर झोपायच्या खोलीला घेऊच नये. धुरात किल्ली सापडत नाही. जोड-लॅचमध्ये डेडबोल्टची फिरकी आणि जिभेची कळ वेगवेगळी असेल तर बाहेर पडायला दोन हालचाली लागतात. मग प्रवासात डेडबोल्ट, आणि रात्री नुसती जीभ कुलूपबंद ठेवावी, म्हणजे आतून एका झटक्यात दार उघडतं. आणखी एक बारीक गोष्ट: या कुलपांच्या किल्ल्या वाटतात तितक्या वेगळ्या नसतात. सामानाच्या कप्प्यांवरची सीएच ७५१ ही किल्ली तर इतक्या वाहनांना लागते की तिला कुलूप म्हणणं ही औपचारिकता आहे. किल्लीवरचा आकडा बघून घ्यावा.

आता जागा. आतून सोयीची उंची जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या आसपास. पण ट्रेलरची जमीन बाहेरच्या मातीपेक्षा ४५ ते ५५ सेंटिमीटर वर असते, म्हणजे बाहेर उभ्या माणसाला तेच हँडल छातीशी, जवळजवळ १ मीटर ४० वर येतं. लहान मुलांचा हात आतून पोचायला हवा की बाहेरून, हे ठरवून ८० ते ८५ सेंटिमीटरवर तडजोड केली तर दोघांचं भागतं. पलंग दाराजवळ येणार असेल तर पडल्या पडल्या हात कुठे पोचतो तेही बघावं. आणि या सगळ्या ठरवाठरवीवर दाराच्या आतली आडवी पट्टी पाणी फिरवू शकते. म्हणून बोटाच्या पेराने दार वाजवत जावं, भरीव आवाज येईल तिथे पट्टी आहे. चुंबक फिरवला तर पोलादाची पट्टी असल्यास कळते, ॲल्युमिनियमची कळत नाही. दाराच्या शेजारून आतल्या दिव्याची वायर जाणं फार सामान्य आहे, तेव्हा चौकटीत ड्रिल घालण्याआधी दिव्याचं बटण उघडून वायर कुठून उतरते ते पाहावं.

मापं घेण्याआधी ट्रेलर कसा उभा आहे याला फार महत्त्व आहे, आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं काम बिघडतं. चारी कोपऱ्यांचे जॅक लावून, एक कोपरा जरा जास्त उचलून लॅच बसवलं, की ते त्या पिळलेल्या चौकटीला जुळवून बसतं. जॅक काढले की चौकट आपल्या मूळ जागी जाते आणि जीभ स्ट्रायकरच्या, म्हणजे चौकटीवर तिला अडकवून धरणाऱ्या पट्टीच्या, कडेवर आपटायला लागते. ट्रेलर चाकांवर, पुढचं टोक जोडलेलं असताना असतं त्या उंचीवर आणि जमिनीला समतल हवा. मग दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. फरक ३ मिमीच्या आत असेल तर पुढे जावं. त्याहून जास्त असेल तर आधी चौकट किंवा ट्रेलरचं उभं राहणं दुरुस्त करावं, लॅच नंतर. तसंच दार थोडं उघडून त्याची मोकळी कड हाताने वर उचलावी. बिजागरीत दोन मिलिमीटरच्या वर ढिलाई जाणवली तर बिजागरीची खिळी आधी बदलावी. लटकलेल्या दाराला नवं लॅच लावलं तर ते सहा महिन्यांत खाली घासू लागतं आणि शिव्या लॅचला बसतात.

फटीचं गणित साधं आहे. दाराची कड आणि चौकट यांच्यातली फट वर, मधे, खाली मोजायची. समजा ती ५ मिमी आहे आणि जीभ १४ मिमी बाहेर येते. म्हणजे प्रत्यक्ष पकड ९ मिमी. खडकाळ रस्त्यावर चौकट पिळून फट ३ मिमीने वाढली तर पकड उरते ६ मिमी. त्याखाली जाऊ देऊ नये. जीभ १० मिमीचीच असेल आणि फट ५ ची, तर ते लॅच कितीही महागाचं असलं तरी त्या दाराचं नव्हे. फट भरायला स्ट्रायकरखाली पट्टी घालता येते, पण दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच. त्यापुढे ते वेडंवाकडं होतं.

दाराची जाडी कडेवर मोजून फसू नये, कारण कडेची चौकटपट्टी आणि मधला भाग यांत फरक असतो. जिथे लॅच येणार त्या खिडकीच्या मध्यावर ३ मिमीचं आरपार भोक पाडून, त्यातून तार घालून जाडी घ्यावी. तो भाग पुढे कापूनच टाकायचा असतो. याच भोकावरून पुढे कागदी साचा दोन्ही अंगांवर एका रेषेत बसवता येतो. म्हणून ड्रिल काटकोनात धरायला गुण्या टेकवावा. बाहेरून आत जाताना एका अंशाचाही तिरकेपणा ३२ मिमीच्या दारात अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त सरकतो, आणि हात साधारण चार-पाच अंश तिरका असतो.

कापण्याआधी साच्याच्या भोवती सगळीकडे मास्किंग टेप चिकटवावा, जिगसॉच्या तळपट्टीलाही. रंगवलेल्या पत्र्यावर तळपट्टीने पडलेले ओरखडे कायमचे. चारी कोपऱ्यांत १० मिमीची भोकं पाडावीत, आधी पंचने खूण ठोकून, नाहीतर पातळ पत्र्यावर बिट घसरतो. कोपरा गोल राहिला की पत्र्याला तिथून तडा जात नाही. जिगसॉला धातूचं, इंचाला १८ ते २४ दात असलेलं पातं. वेग मध्यम. पात्याला मेण किंवा थोडं तेल, कारण ॲल्युमिनियम गरम होऊन दातांत चिकटतं आणि मग पातं कापायचं सोडून फाडू लागतं. एकाच बाजूने आरपार कापायची घाई करू नये. लांब पातं फोममध्ये वाकतं आणि पलीकडची खिडकी साच्यापासून भरकटते. बाहेरचा पत्रा बाहेरून आणि आतला आतून, असे दोन वेगवेगळे काप घ्यावेत. साच्याच्या रेषेच्या आत अर्धा-एक मिलिमीटर राहून कापावं आणि उरलेलं कानशीने. कानस कंटाळवाणी आहे खरी, पण कापून गेलेला पत्रा परत येत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते. दाराच्या पोटात फोम असतो. लॅचचा बाहेरचा आणि आतला भाग एकमेकांकडे स्क्रूने ओढले जातात, म्हणजे दार त्यांच्यात चिमटलं जातं. फोमला हा चिमटा सहन होत नाही. स्क्रू आवळत गेलं की दोन्ही पत्रे आत दबतात, आवळणारा समजतो अजून घट्ट होतंय, आणि अखेरीस लॅचचं घरच वाकतं. जीभ बाहेर येते पण परत जात नाही, किंवा जाते पण अडखळत. नव्या लॅचची ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार, आणि दोष लॅचचा नसतोच. पाव फेरा स्क्रू ढिले करून बघा, जीभ मोकळी होते.

म्हणून खिडकीच्या कडेने फोम २५ ते ३० मिमी आतपर्यंत कोरून काढावा. त्या खाचेत कठीण लाकडाचे ठोकळे बसवावेत. ठोकळ्याची जाडी नेमकी हवी: दार ३२ मिमी, बाहेरचा पत्रा ०.८, आतला थर ३, तर ठोकळा २८.२. अर्धा मिलिमीटर जाड झाला तर पत्र्याला पोट येतं आणि उन्हात ते लांबून दिसतं. पातळ झाला तर पुन्हा तोच चिमटा. जरा पातळ ठेवून दोन्ही अंगांना घट्ट इपॉक्सीचा थर देणं हा सोपा मार्ग. ठोकळे घालण्याआधी त्यांना चहूबाजूंनी इपॉक्सी पाजावी, विशेषतः आडव्या कापावर, कारण लाकूड पाणी पितं ते तिथूनच. लाकूड नको असेल तर फायबरग्लासच्या पाटीचे तुकडे वापरावेत, तेही उत्तम. स्क्रू जिथून आरपार जातात तिथे धातूची नळी, नेमक्या लांबीची कापून, ठोकळ्यातून घातली तर चिमट्याचा प्रश्न कायमचा मिटतो.

चौकटीच्या बाजूला उलटी अडचण. स्ट्रायकर पोलादी नळीवर बसतो आणि नळीचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास. एम ५, म्हणजे ५ मिमी व्यासाच्या स्क्रूचा आटा ०.८ मिमीचा, म्हणजे दीड मिलिमीटरमध्ये दोन आटेही पुरते बसत नाहीत. थेट आटे पाडून बसवलेला स्क्रू हाताला घट्ट वाटतो आणि रस्त्यावर निघून जातो. इथे रिव्हनट हवेत, म्हणजे भोकात घालून आवळले की मागून फुगून घट्ट बसणारे, आतून आटे असलेले नट. एम ५ ला ७ मिमीचं भोक, एम ६ ला ९ मिमीचं. भोक अर्धा मिलिमीटर जरी मोठं झालं तरी रिव्हनट आवळताना जागच्या जागी फिरू लागतो, आणि एकदा फिरू लागलेला रिव्हनट काढणं ही शिक्षा आहे. भोक पाडल्यावर कापलेल्या कडेला गंजरोधक रंग लावून मगच रिव्हनट घालावा. ड्रिलचा पोलादी चुरा पत्र्यावर, उंबऱ्यावर, खाचेत राहतो. तो त्याच दिवशी चुंबकाने आणि ब्रशने काढावा. एका दवाने त्याचे तांबूस डाग पडतात आणि ते पत्रा गंजल्यासारखे दिसतात.

धातूंच्या जोड्यांबद्दल एवढं लक्षात ठेवावं, की स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लहान स्टेनलेस स्क्रू चालून जातो, झीज पसरून जाते. उलट मोठ्या पोलादी पट्टीला लहान ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर ते रिव्हेट भुगा होऊन पडतात. स्क्रूखाली नायलॉनचं वॉशर आणि आट्यांना गंजरोधक पेस्ट लावली की बराच काळ काळजी नाही. समुद्राजवळ राहणाऱ्या ट्रेलरला हे ऐच्छिक नाही.

लॅच बसवताना बाहेरच्या कडेखाली ब्युटाइलची चिकट रबरी पट्टी लावावी, वर आणि दोन्ही बाजूंना. खाली थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी तिथून निघून जाईल. सिलिकॉन लावू नये असं नाही, पण पुढे कधी लॅच काढायचं झालं तर सिलिकॉन रंगासकट निघतं, आणि त्याचा ओशटपणा राहिला तर नवा रंगही धरत नाही. स्क्रू हाताने आवळावेत, तिरके-समोरचे असे आळीपाळीने, दर फेऱ्याला कळ फिरवून जीभ मोकळी आहे ना ते बघत. बॅटरीच्या ड्रिलला या कामात जागा नाही. आट्यांना मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सुटू न देणारा गोंद. लाल लावला तर पुढच्या वेळी गरम करून काढावा लागेल आणि शेजारी फोम आहे. स्क्रू प्लास्टिकच्या भागात जात असेल तिथे थ्रेडलॉक नको, बऱ्याच प्लास्टिकला त्याने तडे जातात.

स्ट्रायकर हा या कामातला संयमाचा भाग. जिभेच्या टोकाला खडू किंवा मार्करची शाई लावून दार हलकेच लावायचं, चौकटीवर ठसा उमटतो. तो ठसा उंची सांगतो. किती आत-बाहेर हे मात्र रबरी पट्टी ठरवते. दाराभोवतीची फुगीर रबरी पट्टी समजा १४ मिमी उंच आहे, तर दार लागल्यावर ती ९ ते १० मिमीवर आली पाहिजे. त्याहून कमी दाबली तर धूळ आणि पाणी येतं. जास्त दाबली तर लॅच उघडायला जोर लागतो, आणि रबर काही महिन्यांत चपटं होऊन बसतं ते उठत नाही. स्ट्रायकरची भोकं लांबट असतात ती याच हालचालीसाठी. ती नसतील तर कानशीने दोन-तीन मिलिमीटर लांबट करून घ्यावीत. स्ट्रायकर आधी हलका आवळून, वहीच्या कागदाच्या पट्ट्या दाराच्या चारी बाजूंना मध्ये धरून दार लावायचं आणि एकेक ओढून बघायची. सगळीकडे सारखी ओढ लागली की झालं. बिजागरीच्या बाजूला घट्ट आणि लॅचच्या बाजूला सैल, असं असेल तर स्ट्रायकर आत. वरचा कोपरा सैल आणि खालचा घट्ट, तर दार पिळलेलं आहे, ते स्ट्रायकरने सुटणार नाही. नवं रबर दोन-तीन आठवड्यांत बसतं, तेव्हा स्ट्रायकर आणखी एखादा मिलिमीटर आत घ्यावा लागतो. म्हणून थ्रेडलॉक त्या दिवशी लावावा, आधी नाही.

जिभेच्या शेजारी काही लॅचना एक छोटी दुसरी जीभ असते. दार लागलेलं असताना ती स्ट्रायकरच्या पत्र्यावर दबलेली राहायला हवी. तशी दबलेली असली की मुख्य जीभ बाहेरून पट्टी सरकवून मागे ढकलता येत नाही. स्ट्रायकरचं भोक मोठं कापलं तर छोटी जीभही त्यातच पडते आणि तिचं काम संपतं. दार लागतं, कुलूप लागतं, सगळं ठीक दिसतं, पण प्लास्टिकच्या कार्डानेही उघडतं. भोक हवं तेवढंच.

दार आपटल्याशिवाय लागत नसेल तर स्ट्रायकरला दोष देण्याआधी छताची खिडकी उघडून बघा. नीट सील केलेला लहान ट्रेलर हवेच्या डब्यासारखा असतो. दार लावताना आतली हवा दाबली जाते आणि तीच दार परत ढकलते. झरोका बोटभर उघडला की तेच दार दोन बोटांनी लागतं. आत माणसं झोपणार म्हणजे झरोका तसाही उघडा हवाच.

थंडीत लॅचचा धातू बाहेरचा गारवा सरळ आत आणतो. पहाटे आतल्या कळीवर दव धरतं, ओघळतं आणि खिडकीच्या कडेतून दाराच्या पोटात जातं. ठोकळ्यांना इपॉक्सी पाजली ती यासाठीच. आतल्या घराखाली पातळ फोमची पट्टी घातली तर दव निम्म्यावर येतं. कुलपाच्या भोकात तेल घालू नये, धूळ धरून ते चिखल होतं आणि गारठ्यात घट्ट होतं. ग्रॅफाइटची भुकटी किंवा कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण घालावं.

आता मागचा रॅम्प. त्याचं वजन स्प्रिंगने तोललेलं असतं, आणि रात्री तो आतून बंद ठेवायला बरेच जण दोन्ही बाजूंना आकडे आणि टर्नबकल (फिरवून ताण देणारे आट्यांचे जोड) लावतात. बाहेरचे दांडे उघडे, आत टर्नबकलने ओढून धरलेला. हे चालतं, पण टर्नबकल सोडवायला फेऱ्यांवर फेरे लागतात, आणि बाहेर मागे गाडी उभी असेल तर रॅम्प उतरायला जागाच नाही. दुसरी वाट म्हणून खिडकीच हवी, बाजूच्या दारापासून शक्य तितकी लांब, आतून ढकलून पूर्ण उघडणारी. कॅम्परवाहनांसाठीच्या अमेरिकी एनएफपीए ११९२ मानकात आपत्कालीन वाटेसाठी जे माप धरलं आहे ते ढोबळमानाने ६१ × ४३ सेंटिमीटरचा लंबगोल आडवा बाहेर जाईल इतकं आहे. पुठ्ठ्याचा तसा लंबगोल कापून खिडकीतून घालून बघावा. झालर, पडदा, मच्छरजाळी लावल्यावर पुन्हा एकदा.

दाराची बिजागरी ट्रेलरच्या पुढच्या बाजूला असेल तर चालत्या रस्त्यावर लॅच सुटलं तरी वारा दार लावतो. मागच्या बाजूला असेल तर तोच वारा दार उपटून नेतो, आणि मग प्रवासात डेडबोल्टशिवाय बाहेरून एक कडी-कोयंडा लावणं भाग आहे. लावताना कोयंड्याचे बोल्ट आरपार घेऊन आत मोठं वॉशर द्यावं. आणि हा कडी-कोयंडा लावला की आपण पुन्हा बाहेरच्या कडीपाशी आलो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर कडीची पट्टी मागे वळवायची, कोयंड्यात कुलूप अडकवून दाबायचं आणि किल्ली घेऊन आत जायचं.

मग चाचणी. चाकांवर पन्नास वेळा उघडझाप, त्यातली निम्मी आतून. पुढचा जॅक वर करून, खाली करून. कोपऱ्यांचे जॅक एकेक करून जरा जास्त उचलून, प्रत्येक वेळी आतून दार उघडतं का ते बघायचं, कारण पिळलेली चौकट जिभेला चिमटते आणि मुक्कामावर रात्रभर तशीच राहते. कोणीतरी बाहेरून दाराला पाठ टेकून उभं राहिल्यावर आतली कळ फिरते का. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा हाताने. आणि दिवे बंद करून, अंथरुणात आडवं होऊन, डोळे मिटून: हात भिंतीवरून सरकवत कळीपर्यंत, कळ खाली, दार बाहेर. वाटेत हात ज्या ज्या गोष्टीला अडला ती तिथून हलवायची, आणि कळीच्या वर अंधारात चमकणाऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवायचा.